घाटात वळणावर ब्रेकचा लाल दिवा लागतो, सरळ रस्त्याला विझतो (२००८ ची गाडी)

कोयनाकाठ:
नमस्कार मंडळी. आमची २००८ ची छोटी पेट्रोल गाडी आहे, पुढे डिस्क मागे ड्रम, एबीएस वगैरे काही नाही. कराडहून चिपळूणला माहेरी जाताना कुंभार्ली घाट उतरायला लागलो की वळणावर मीटरमधला लाल दिवा लागतो, तो गोलात उद्गारचिन्हवाला, आणि वळण संपलं की विझतो. जोरात ब्रेक मारला तरी क्षणभर लागतो. हॅन्डब्रेक पूर्ण खाली असतो, ते नीट बघितलंय. पावसाळ्याआधी गॅरेजवाल्याने बोनेट उघडून ब्रेक ऑइल टाकलं तेव्हा दिवा गेला होता, आता परत तेच सुरू. दुसरा एकजण म्हणतो जुन्या गाडीचा सेन्सर असाच त्रास देतो, वायर काढून टाकू. ब्रेक लागतोय, पण पेडल पूर्वीपेक्षा जरा खाली जातं असं मला वाटतं, घरचे म्हणतात भास आहे. गाडीत आई-बाबा बसतात हो. वायर काढू द्यावी का?

पाना_पक्कड:
ताई वायर अजिबात काढू देऊ नका. तुमच्या गाडीत हा दिवा मुख्यतः दोनच गोष्टींनी लागतो, हॅन्डब्रेकचा स्विच किंवा ऑइलच्या डबीतला फ्लोट (ऑइलच्या लेव्हलबरोबर वरखाली होणारा तरंगता भाग). वळणावर आणि ब्रेक मारल्यावर लागतो म्हणजे डबीतलं ऑइल एका बाजूला सरकतं आणि फ्लोट खाली बसतो, म्हणजे लेव्हल मिनच्या रेषेजवळ आलीय. आता खरा प्रश्न असा की ऑइल गेलं कुठं, कारण इंजिन ऑइल थोडं जळतं तसं ब्रेक ऑइल जळत नाही, बंद सिस्टिम आहे ती. एक तर पुढचे पॅड झिजले असतील, पॅड झिजले की कॅलिपरचा (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाचा) पिस्टन बाहेर सरकतो आणि मागची जागा भरायला डबीतलं ऑइल खाली जातं, त्यात लीक नसतो, पॅड बदलले की पिस्टन आत दाबावा लागतो आणि लेव्हल आपोआप वर येते. (म्हणून झिजलेल्या पॅडवर डबी काठोकाठ भरायची नाही, नवीन पॅड टाकताना ऑइल बाहेर सांडतं आणि बॉडीचा रंग खातं. सांडलंच तर लगेच पाण्याने धुवा.)
नाहीतर लीक आहे. तुम्ही टाकलेलं ऑइल काही महिन्यांत परत खाली गेलंय आणि पेडलही खाली जातंय, त्यामुळे मला लीकचाच संशय जास्त. मागच्या दोन्ही चाकांच्या आतल्या बाजूला, ड्रमच्या पाठीमागच्या पत्र्यावर आणि टायरच्या आतल्या भिंतीवर ओलं, तेलकट, धूळ चिकटलेलं काही दिसतं का बघा. आणि इंजिन चालू ठेवून पेडल अर्धा मिनिट एकसारखं दाबून धरा. पाय ठेवल्याठेवल्या हळूहळू खाली बसत गेलं तर बाहेर लीक आहे नाहीतर मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ऑइलला दाब देणारा) आतून गेलाय, दोन्हीत गाडी घाटात न्यायची नाही.

वायरमन_दादा:
वरच्यांचं बरोबरच आहे, वायरिंगची बाजू मी सांगतो म्हणजे मेकॅनिकने सेन्सर सेन्सर केलं तर तुम्हाला पडताळता येईल. दिवा लागलेला असताना डबीवरचा दोन पिनचा सॉकेट काढा. दिवा विझला तर विषय लेव्हलचा, नाही विझला तर हॅन्डब्रेकच्या बुडाशी असलेला छोटा स्विच बघा, तिथं धूळ ओल जाऊन तो अडकतो, कधी लिव्हर पूर्ण खाली असूनही स्विच दाबला जात नाही. तपासून झालं की सॉकेट परत बसवायचा. ऑइल मॅक्सपर्यंत असूनही दिवा जात नसेल तर फ्लोटच ऑइल पिऊन बुडालेला असतो, तेव्हा डबीचं झाकण किंवा डबी बदलायची. तुमचा दिवा ऑइल टाकल्यावर गेला होता, म्हणजे फ्लोट बिचारा त्याचं काम नीट करतोय.

कोयनाकाठ:
खूप आभार. मागचं उजवं चाक आतून ओलं निघालं, टायरच्या भिंतीवर काळपट ओघळ होता! पेडल तिथंच टिकलं, बसलं नाही. फिटरने ड्रम उघडला तर आतला ब्रेक दाबणाऱ्या व्हील सिलिंडरच्या रबरी टोपीची कड उचलल्याबरोबर आतून ऑइल ठिबकलं, आणि लायनर (ड्रमला आतून घासून चाक धरणारं अस्तर) एका बाजूने तेलाने काळा झालेला. तो म्हणतो सिलिंडरला नवीन रबरांचं किट टाकतो आणि लायनर पेट्रोलने धुऊन परत बसवतो. चालेल का? आणि फक्त उजवीकडचंच करायचं का?

पाना_पक्कड:
लायनर धुऊन नको. तेल आतवर मुरलेलं असतं, ड्रम तापला की परत वर येतं, मग एक चाक कमी धरतं आणि ओल्या रस्त्यावर गाडी एका बाजूला ओढते. लायनर दोन्ही चाकांचे, चारही नवीन टाका. सिलिंडरच्या आतल्या नळीवर नख फिरवून बघायला सांगा, गंजाचे खड्डे लागले तर किट टिकणार नाही, अख्खा सिलिंडर घ्या. डावीकडचाही तेवढ्याच वयाचा आहे, त्याची टोपी उचलून बघितल्याशिवाय ड्रम बंद करू देऊ नका.
ऑइल डबीच्या झाकणावर लिहिलेलंच, डॉट ३ किंवा डॉट ४, सीलबंद बाटलीतलं. उघडून पडलेलं घ्यायचं नाही, ते हवेतलं पाणी ओढतं आणि पाणी मुरलं की लवकर उकळतं. डॉट ३ नवीन असताना निदान २०५ अंशांपर्यंत टिकायला हवं, पाणी मुरलेल्याची मर्यादा १४० धरतात, आणि घाट उतरताना ब्रेक किती तापतात ते तुम्हाला वासावरून माहीतच असेल. ऑइल उकळलं की वाफ होते आणि पेडल एकदम मऊ पडतं. म्हणून जुनं सगळं काढून नवीन भरून घ्या. इंजिन ऑइल चुकूनही त्यात जाऊ देऊ नका, सगळे रबर फुगतात.

घाटमाथा:
ब्रेकच्या लाइनमधली एअर (हवा) काढताना शेजारी उभ्या राहा ताई. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने चाकाजवळची ऑइल आणि हवा सोडायची निपल उघडायची, पारदर्शक नळी बाटलीत बुडवलेली हवी, निपल बंद झाल्याशिवाय पेडल सोडायचं नाही आणि मधेमधे डबी बघायची, ती रिकामी झाली की हवा परत आत. चाकांचा क्रम मॅन्युअलमध्ये असतो. नंतर मोकळ्या रस्त्यावर हळू वेगात ब्रेक मारून गाडी सरळ थांबते का बघा, मगच घाट. उतरताना दुसऱ्या गिअरला ठेवा, ब्रेकवर कमी भार येतो.

कोयनाकाठ:
डावीकडची टोपीही आतून ओलसर निघाली, दोन्ही सिलिंडर नवीनच टाकायला सांगितलेत, लायनर आणि ऑइलसकट. सॉकेट जागेवर बसवून दिवा किल्ली फिरवल्यावर लागतो आणि हॅन्डब्रेक सोडल्यावर विझतो ना, ते गाडी ताब्यात घेताना बघूनच निघेन.