विषय: वाईच्या खिडक्या, महिरप आणि पडदे (शुक्रवारी सुतार येतोय)

प्रेषक: ताई, न्यू जर्सी

सगळ्यांना नमस्कार. वाईच्या घराचं काम एकदाचं पुढे सरकलं. शुक्रवारी सुतार दांडे बसवायला येतोय आणि गुरुवारी रात्रीपर्यंत मला आईला फोनवर मापं सांगायचीत. माडीवरच्या पश्चिमेकडच्या तीन खिडक्या, दिवाळीत फोटो पाठवले होते त्याच. वर कोरीव सागवानी महिरप, दोन्ही बाजूंना वेलबुट्टीच्या पट्ट्या. शेजारच्या नव्या इमारतीची गॅलरी बरोबर आईच्या पलंगासमोर आलीय, आणि चारनंतर ऊन थेट तिच्या डोळ्यांवर येतं. सुतार म्हणतो, महिरपीच्या दोन टोकांना स्क्रू मारून दांडा लावतो, दहा मिनिटांचं काम. मला त्या लाकडाला भोक पाडायचं नाही. भिंत चुन्याची, आत पांढरी माती, स्क्रूसाठी ठोकायची गिट्टी धरतच नाही. चौकटीच्या आत रोलरचा पडदा घ्यावा तर झडपा आत उघडतात. काय करू?

प्रेषक: अण्णा

महिरपीला हात लावू देऊ नकोस. मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यातलं असंच सागकाम बघायला लोक लांबून येतात, आणि आपण आपल्या घरातल्या कामावर स्क्रू मारायचे?

आमच्या इकडच्या घरात खिडकीभोवती चार बोटं रुंद लाकडी पट्टी आहे. तिथे आम्ही पडदे चौकटीच्या आत बसवले, पट्टी पूर्ण दिसते. आत बसवायचे तर रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी मोजायची आणि सगळ्यात कमी येईल ती धरायची. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन्ही तिरकी मापंही घ्यायची. ती सारखी आली नाहीत तर चौकट गुण्यात, म्हणजे काटकोनात नाही, आणि रोलर एका बाजूला घासत राहणार. झडपांचं म्हणशील तर बिजागऱ्या फिरवून त्या बाहेर उघडणाऱ्या करून घे.

प्रेषक: बापू, मूळ कऱ्हाड

अण्णा, बाहेर गज आहेत. झडपा बाहेर उघडायच्या कशा? गज कापायचे का?

आमच्या चुलत्यांनी अशाच झडपा काढून सरकत्या काचा बसवल्या. आता उघडून उघडून खिडकी अर्धीच उघडते, वारा नाही. काढलेल्या झडपा गोठ्यात पडून कुजल्या. ताई, झडपांना अजिबात हात लावू नका.

ऊन अडवायचं असेल तर ते बाहेरच अडवावं. एकदा आत आलं की पडदा तापतो आणि खोलीपण तापते. वळचणीला बांबूची चिक सोडा. आमच्यात सगळे तेच करायचे. पावसाळ्यात काढून ठेवायची.

प्रेषक: माई, सांगली (सध्या लेकीकडे)

बापू, चिक खालीवर कोण करणार? तिची आई पंचाहत्तरीला आली. माडीवरून वाकून दोरी ओढायची का तिनं?

ताई, मी सोपं सांगते. गजांना मध्ये जी आडवी लोखंडी पट्टी असते, तिच्यावर अर्धा पडदा घाल. वरच्या बाजूला कापडाचेच बंद शिवायचे आणि पट्टीला बांधायचे. स्क्रू नाही, दांडा नाही. झडप आत उघडली तरी अडत नाही. गॅलरीतून काही दिसत नाही आणि महिरप मोकळी राहते. मिरजेला माझ्या माहेरी सगळ्या खिडक्यांना असेच होते.

आणि जमिनीपर्यंत लोळणारे, अस्तराचे जाड पडदे करू नका. २०१९ च्या ऑगस्टात सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून कितीतरी वर गेलं, तेव्हा आमच्या खालच्या खोलीतले अस्तराचे पडदे चिखल पिऊन बसले. धुतले, उन्हात घातले, वास गेला नाही. सुती एकपदरी होते तेवढेच वाचले.

प्रेषक: अण्णा

वाईला माडीवर पूर कुठून येणार, माई?

प्रेषक: माई

पुराचं नव्हे रे, धुण्याचं सांगतेय. धूळ वाईला येत नाही का?

प्रेषक: सचिव, कार्यकारिणी

मंडळी, आपल्या मंडळाच्या या ईमेल यादीवर गणेशोत्सवाच्या स्वयंसेवकांची नावं अजून आलेली नाहीत. प्रसादाची आणि हॉल लावण्याची जबाबदारी रिकामी आहे. घरगुती विषयांसाठी वेगळी यादी मागच्या सर्वसाधारण सभेत ठरली होती, कृपया ती वापरावी. ताई, तुमची घाई कळते, शुक्रवारपर्यंत इथेच चालू द्या.

प्रेषक: वहिनी

फक्त एक. रोलर किंवा पट्ट्यांचा पडदा घ्यायचा ठरलंच, तर लोंबत्या दोरीचा घेऊ नका. उन्हाळ्यात नातवंडं जातात तिकडे. दोरीचा फास गळ्याभोवती बसून लहान मुलं दगावलेली आहेत. म्हणूनच इकडे अमेरिकेत जून २०२४ पासून नव्या मानकानं अशा दोऱ्यांवर कडक बंधन आणलं.

प्रेषक: भाऊ, सातारा

मी ती माडी पाहिली आहे. ताईच्या वडिलांबरोबर त्याच खोलीत जेवलोय. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माईंचा अर्धा पडदा गॅलरीसाठी चांगला, पण चारचं ऊन वरच्या अर्ध्यातून येतं. आईंच्या डोळ्यांवर तेच येतंय. शिवाय पश्चिमेचा पाऊस गजांवर थेट मारतो, कापड सतत ओलं राहील आणि लोखंडाच्या गंजाचे डाग पडतील. पूर्ण पडदा हवाच. तो भिंतीवर नाही, चौकटीवर नाही, वर कडीपाटाला, म्हणजे लाकडी कड्या आणि फळ्यांच्या छताला टांगा.

त्या खोलीत कड्या पश्चिमेच्या भिंतीवर येऊन टेकतात. भिंतीपासून साधारण सहा इंचांवर, सगळ्या कड्यांना आडवी जाईल अशी एक सागाची पट्टी खालून बसवा. दांड्याचे ब्रॅकेट त्या पट्टीला. स्क्रू कडीतच गेला पाहिजे. पाटाच्या फळीत मारू नका. फळी पातळ असते आणि तिच्या वर मातीचा थर आहे, भोकातून माती गळत राहील. जुना साग फार कडक. आधी बारीक भोक पाडून मगच स्क्रू फिरवायचा, नाहीतर चिरतो. सुताराला आधी प्रत्येक कडी ठोकून बघायला सांगा. पोकळ आवाज आला की वाळवी समजा आणि ती कडी सोडा.

सहा इंच अशासाठी, की महिरप पुढे आलेली आहे आणि कापड नक्षीला घासता कामा नये. वर्षानुवर्षं घासलं की कोरीव कडा बोथट होतात. दांडा खिडकीच्या दोन्ही बाजूंना फूटभर जास्त ठेवा. पडदा सारला की सगळं कापड भिंतीवर जमतं, वेलबुट्टी उघडी राहते आणि झडपाही मोकळ्या उघडतात.

प्रेषक: अण्णा

पण पडदा ओढला की महिरप झाकली जाणार. वरूनच सुटणार ना तो?

प्रेषक: भाऊ

चार ते सहा झाकली जाईल. बाकी दिवसभर दिसेल. भोक पडलं की कायमचं.

प्रेषक: ताई

भाऊ, आत्ताच आईशी बोलले. ती म्हणते तिसऱ्या खिडकीवरची कडी बाबांनी बदलून घेतली होती, ती नवी आहे. बाकीच्या सुताराला ठोकायला लावते. पट्टीचं पक्कं. माई, खालचा अर्धा पडदाही करणार आहे, पावसाळ्यात काढून ठेवीन, कारण दुपारी बारालासुद्धा ती गॅलरी समोर असतेच. अण्णा, मापं तुमच्या पद्धतीनं घ्यायला लावली, एक खिडकी वरून अर्धा इंच अरुंद निघाली.

आता कापड. दांड्याच्या लांबीच्या दुप्पट घेऊ की दीडपट?

प्रेषक: माई

सुती असेल तर दुप्पट. दीडपट घेतलंस तर ओढल्यावर चादर टांगल्यासारखं दिसतं. इचलकरंजीचं जाडसर घे, फिकट रंगाचं, गडद रंग पश्चिमेच्या उन्हात एका उन्हाळ्यात उडतो. शिवायला टाकण्याआधी रात्रभर भिजवून वाळवायला सांग, सुती आटतंच. आणि खालची दुमड चार बोटं ठेव, पुढे उसवून लांब करता येते.

प्रेषक: बापू

प्रसादाला माझं नाव लिहा. हॉल लावायला पण येतो.