मॅग्नेटिक बेअरिंग: व्हायब्रेशन आहे तेवढंच, पण कॉइलचा करंट वाढतोय. रोटरमध्ये फॉल्ट असेल का?

रोटरमित्र:
नमस्कार मंडळी. आमच्याकडे एक सेंट्रिफ्युगल कॉम्प्रेसर आहे, ॲक्टिव्ह मॅग्नेटिक बेअरिंगवाला (कॉइलच्या चुंबकाने रोटर हवेत तरंगत ठेवणारं बेअरिंग), आडवा रोटर, स्पीड १२,००० आरपीएम. दोन महिने झाले रोज ट्रेंड बघतोय आणि पोझिशन सेन्सरवरचं व्हायब्रेशन १५ मायक्रॉनच्या आसपास आहे तिथेच आहे, अलार्म वगैरे काही नाही. पण इम्पेलरच्या बाजूच्या रेडियल बेअरिंगचा वन-एक्स करंट (फेरीगणिक एकदा वरखाली होणारा भाग) ०.८ अँपिअरवरून हळूहळू १.५ वर आलाय, दुसऱ्या टोकाला फारसा फरक नाही. सगळे म्हणतात व्हायब्रेशन वाढलं नाही ना, मग मशीन ठीक आहे. माझ्या मनाला काही ते पटत नाही. कुणी असं बघितलंय का?

लूपवाला:
पटत नाहीये ते बरोबरच आहे. साध्या बेअरिंगमध्ये रोटर बिघडला की हलतो आणि आपल्याला दिसतो, इथे मात्र मधे कंट्रोलर बसलाय आणि तो सेकंदाला हजारो वेळा सेन्सर वाचून रोटरला परत मधोमध आणतोय, म्हणजे फॉल्टची खूण तोच पुसून टाकतोय. पुसायला जो जोर लागतो तो करंटमध्ये दिसतो. तुमचा कंट्रोलर नक्की कुठल्या मोडमध्ये आहे ते आधी बघा. वन-एक्स व्हायब्रेशन दाबायचा मोड असेल तर अनबॅलन्स (रोटरचं वजन एका बाजूला जास्त होणं) वाढला तरी डिस्प्लेसमेंट सपाट राहणार आणि करंट चढणार, आणि उलट, वन-एक्सवर नॉच (तेवढीच फ्रिक्वेन्सी गाळणारा फिल्टर) लावून रोटरला स्वतःच्या जडत्वाच्या अक्षाभोवती मोकळं फिरू दिलं असेल तर करंट शांत आणि डिस्प्लेसमेंट वाढणार. फक्त एकच ट्रेंड बघणाऱ्याला अर्धं मशीन दिसतं, दोन्ही बघा आणि सोबत फेजही बघा, म्हणजे जोर रोटरच्या कुठल्या कोनात आहे ते.

सेन्सरप्रेमी:
अनबॅलन्स म्हणण्याआधी रनआउट, म्हणजे सेन्सरला दिसणारी खोटी हालचाल, बाजूला काढा. सेन्सर ज्या पट्टीवर बघतो तिथे ओरखडा पडला किंवा चुंबकीय डाग असला की सेन्सरला वाटतं रोटर हलतोय आणि कंट्रोलर बिचारा नसलेल्या हालचालीला करंट देत बसतो. ३०० आरपीएमला स्लो रोल घ्या, म्हणजे रोटर अगदी हळू फिरवून रीडिंग घ्या. १२,००० च्या तुलनेत स्पीड ४० पट कमी म्हणजे अनबॅलन्सचा जोर १,६०० पट कमी, तेव्हा तिथे जे वन-एक्स उरेल ते जवळजवळ सगळं रनआउटच (किंवा शाफ्टचा बाक). जुन्या स्लो रोलशी जुळलं तर सेन्सर निर्दोष.

लूपवाला:
हो, आणि क्रॅकची शंका पण काढून टाका, तेवढ्यासाठी मशीन उघडायची गरज नाही. मॅग्नेटिक बेअरिंगची हीच गोष्ट मला सगळ्यात आवडते, बेअरिंग हेच सेन्सर आणि हेच हातोडा. मशीन थांबलेलं, रोटर हवेत तरंगतोय, अशा वेळी त्याच कॉइलमधून छोटा साइन स्वीप (फ्रिक्वेन्सी हळूहळू बदलत जाणारा सिग्नल) द्या आणि पहिल्या बेंडिंग मोडची, म्हणजे शाफ्ट वाकून थरथरतो ती फ्रिक्वेन्सी कमिशनिंगच्या रिपोर्टशी ताडून बघा. क्रॅक पुरेसा मोठा असेल किंवा इम्पेलरची श्रिंक फिट (शाफ्टवर गरम करून घट्ट बसवलेला जोड) सैल झाली असेल तर ती खाली सरकते. रोटर तेव्हाच्याच तापमानाला असू द्या नाहीतर उगाच फसाल. त्याच स्वीपमधून सेन्सिटिव्हिटीचा पीक पण मिळतो, कंट्रोल लूप किती स्थिर आहे त्याचं माप, आयएसओ १४८३९ च्या भाग ३ प्रमाणे तो ३ च्या आत असला तर झोन ए, म्हणजे सगळ्यात चांगला गट.

आणि कोस्ट-डाउनला, म्हणजे मशीन बंद करून स्पीड उतरताना, टू-एक्स (फेरीच्या दुप्पट फ्रिक्वेन्सी) बघा. आडव्या रोटरमध्ये वजनामुळे क्रॅक दर फेरीत उघडतो मिटतो, म्हणून बेंडिंग मोडच्या निम्म्या स्पीडवरून जाताना टू-एक्स फुगतो. क्रॅक असेल तर चालू मशीनवर कॉइलमधून ७० हर्ट्झचा सिग्नल सोडला (इंजेक्शन) की २०० (१२,००० आरपीएम म्हणजे २०० हर्ट्झ) वजा-अधिक ७० म्हणजे १३० आणि २७० ला पण रेषा उठतात. पण बेअरिंगचा जोर मुळातच करंटच्या वर्गावर चालतो, त्यामुळे निरोगी रोटरवरही बारीक रेषा येऊ शकतात, जुनं स्पेक्ट्रम शेजारी ठेवल्याशिवाय निष्कर्ष काढू नका. इंजेक्शन अगदी लहान ठेवा, टचडाउन बेअरिंगची (चुंबक बंद पडला तर रोटर झेलणाऱ्या बेअरिंगची) फट फार नसते.

रोटरमित्र:
शटडाउन मिळाला, सगळं केलं. कंट्रोलरचा मोड व्हायब्रेशन दाबायचाच निघाला. स्लो रोल जुन्यासारखाच. बेंडिंग मोड ३१० हर्ट्झ, कमिशनिंगलाही तेवढाच. कोस्ट-डाउनला ९,३०० आरपीएमवर (३१० हर्ट्झच्या निम्म्या स्पीडला) टू-एक्स हललाच नाही. फेज मात्र दोन महिन्यांत एकाच दिशेने जवळजवळ ४० अंश सरकलाय, उडी कुठेच नाही. मग केसिंग उघडलं तर इम्पेलरच्या तीन-चार पात्यांवर एकाच बाजूला कडक थर बसलेला, नखाने खरवडून निघेना. साफ करून बॅलन्स केला, आता करंट ०.७.

करंटवर अलार्म लावायचा म्हणतोय, किती ठेवू?

सेन्सरप्रेमी:
आकडा एकच ठेवू नका, स्पीडप्रमाणे बेसलाइन घ्या आणि वन-एक्स करंटच्या ॲम्प्लिट्यूड-फेजचा वेक्टर त्या बेसलाइनपासून किती सरकला त्यावर अलार्म द्या. महिनाभर नुसतं लॉग करा, मशीन रोज स्वतःहून किती हलतं ते कळलं की मर्यादा ठरवा.