कोरडवाहू रानात नांगर थांबवला तर मातीतला कर्ब (कार्बन) वाढतो का? चौघांची चर्चा

जिरायतदार: कमी पावसाच्या प्रदेशात दरवर्षीची खोल नांगरट बंद व्हायला हवी, असं माझं ठाम मत आहे. नांगर फिरला की ढेकळांच्या पोटात दडलेला सेंद्रिय पदार्थ उघडा पडतो, सूक्ष्मजीव त्याचा फडशा पाडतात आणि कर्ब वायू होऊन निघून जातो. माती उघडी पडते ती वेगळीच. अमेरिकेच्या मैदानी भागात गवताळ माळ नांगरून काढले, १९३०च्या दशकात दुष्काळ पडला आणि रानंच्या रानं वाऱ्याने उडाली. १९३५ मध्ये मृदसंधारणासाठी तिथे वेगळं सरकारी खातं काढावं लागलं.

एक साधी गोष्ट करून बघा. एकाच जातीच्या मातीची दोन वाळलेली ढेकळं घ्या, एक नांगरलेल्या रानातलं, एक बांधावरच्या गवताखालचं. दोन्ही पाण्याच्या ग्लासात हलकेच सोडा. रानातलं बहुतेक वेळा बुडबुडे सोडत फुटतं आणि तळाशी गाळ होऊन बसतं. बांधावरचं बराच वेळ तसंच राहतं, मुळांनी आणि बुरशीच्या तंतूंनी धरून ठेवलेलं. पावसाचा पहिला मारा बसतो तेव्हा रानात हेच होतं.

वखरपाळी: ढेकळाचं मान्य. कर्बाचं नाही. मातीत कर्ब येतो तो पिकाच्या मुळांतून, काडीकचऱ्यातून, खतातून. नांगर बंद केल्याने नवा कर्ब तयार होत नाही, आणि पाऊसच कमी तर मुळात पालाच कमी. बिननांगरटीच्या रानात वरच्या दहा सेंटीमीटरमध्ये कर्ब वाढलेला दिसतो, पण नमुना खोलवर घेतला की खालच्या थरात तो अनेकदा घटलेला निघतो. म्हणजे जागा बदलली, बेरीज फारशी हलली नाही. शिवाय उघडी, न हलवलेली माती वरून पापुद्रा धरते आणि पाणी वाहून जातं. तणांसाठी तणनाशक आलंच.

जिरायतदार: उघडी ठेवा असं मी कुठे म्हटलं? धसकटं आणि काड जागेवरच ठेवायचं, पीक फिरवायचं. कोरड्या हवामानात नांगरट थांबवणं, काड ठेवणं आणि पीक फिरवणं या तिन्ही गोष्टी एकत्र केल्या तरच उत्पादनाला फायदा होतो. नुसती नांगरट थांबवली तर उत्पादन घटतं, हे मलाही ठाऊक आहे.

गोठेवाला: काड जागेवर ठेवायचं, मग उन्हाळ्यात जनावरांनी काय खायचं? पाऊस हुकला की पहिली ओढाताण वैरणीचीच होते. शेणखत परत रानात जातं खरं, पण वैरणीतला बराचसा कर्ब जनावर श्वासातूनच सोडून देतं.

मातीनमुना: दोन गोष्टी या चर्चेत राहून जातायत. पहिली नत्राची (नायट्रोजनची). गव्हाच्या काडात कर्ब-नत्राचं प्रमाण ८०:१ च्या आसपास असतं, मातीतल्या मुरलेल्या सेंद्रिय पदार्थात १०-१२:१. म्हणजे नत्र नसेल तर नुसतं काड टाकून कर्ब टिकत नाही. म्हणून पीक फिरवताना मातीत नत्र आणणारं द्विदल हवंच. दुसरी गोष्ट, कोरडी माती भिजली की झोपलेले सूक्ष्मजीव एकदम जागे होतात आणि कर्बवायूचा लोट सुटतो. बर्च या संशोधकाने १९५८ मध्ये हे मांडलं, आजही ते त्याच्याच नावाने ओळखलं जातं. कोरड्या प्रदेशात भिजणं-वाळणं सतत चालू असतं. त्यामुळे ‘इतके टन कर्ब साठवू’ असली आश्वासनं ऐकली की मला काळजी वाटते.

जिरायतदार: टनांचं मी सोडून देतो. पाणी मुरणं मात्र सोडणार नाही. पश्चिम आफ्रिकेतल्या बुर्किना फासो देशातले शेतकरी याकुबा सावाडोगो यांनी १९८०च्या दशकात दगडासारख्या झालेल्या जमिनीत ऐन कोरड्या दिवसांत खड्डे खणले, त्यात शेणखत आणि पाला टाकला. वाळवी आली, तिने बिळं पाडली आणि पाऊस त्या बिळांतून खाली उतरला. पीक आलं, पुढे झाडंही उभी राहिली. अख्खं रान त्यांनी कधी उलथलं नाही.

वखरपाळी: पण पापुद्रा फोडला ना! मी तेच म्हणत होतो.

गोठेवाला: खड्ड्यापुरतं खत असेल तर मला जमेल. अख्ख्या रानाला पुरेल इतकं शेणखत माझ्याकडे कधीच निघालं नाही. एका खड्ड्यात साधारण किती ओंजळी टाकायचं, ते कुणी सांगेल का?