जुनी एमजीबी घ्यायचीय: चकचकीत ७२ ची घेऊ का मळकी ७८ ची?

कव्हेंट्रीतला_सातारकर

नमस्कार मंडळी. खूप वर्षं मनात असलेली गोष्ट आता करायचीय, एमजीबी रोडस्टर, म्हणजे ती जुनी ब्रिटिश उघडी स्पोर्ट्स कार, घ्यायचीय. गॅरेज रिकामं केलंय, घरातून होकार आहे, बायकोला तर माझ्यापेक्षा जास्त हौस आहे. दोन गाड्या बघून आलोय आणि डोकं पार गरगरायला लागलंय म्हणून इथे विचारतो.

पहिली १९७२ ची, क्रोम बंपर, वायर व्हील्स, लाल रंग नुकताच मारलेला, लांबून बघितली तरी जीव खुळावतो. इंजिनचं काम झाल्याची बिलं फाईलला आहेत, एका सेल्फमध्ये सुरू झाली, गरम झाल्यावर चालवताना ऑइल प्रेशर ६० च्या आसपास होतं. ड्रायव्हरचा दरवाजा मात्र किंचित उचलून लावावा लागतो. सिल्स (दरवाज्याखालचे पत्र्याचे डबे) बदलल्यात असं मालक म्हणाला, फोटो नाहीत.

दुसरी १९७८ ची, काळा रबर बंपर. रंग उडालाय, सीटा फाटल्यात, कापडी टप गळका, सुरू करताना निळा धूर येतो आणि दुसरा गिअर टाकताना कर्रकन आवाज येतो. पण एकाच घरात बरीच वर्षं राहिलीय, हिवाळ्यात कधी रस्त्यावर काढली नाही म्हणे, आणि खाली वाकून बघितलं तर सगळीकडे गंज रोखणाऱ्या मेणाचा थर. किंमत पहिलीच्या जवळपास निम्मी.

इथले ऑफिसातले मित्र सगळे म्हणतात पहिली घे, तयार गाडी आहे, बस आणि चालव. वेल्डिंग मला येत नाही, पान्याची कामं बऱ्यापैकी येतात. काय करू?

---

लेस्टरचा_बाळू

दादा, दुसरी. अजून बघायला जायचं असेल तर जरूर जा पण माझं मत दुसरीच.

कारण सांगतो. एमजीबीला वेगळी चॅसी नाही, १९६२ ला अॅबिंग्डनला ही गाडी आली तीच मोनोकॉक बॉडी घेऊन, म्हणजे पत्रा हीच चॅसी. आणि रोडस्टरला वर छप्पर नाही त्यामुळे पुढचा भाग आणि मागचा भाग एकमेकांना धरून ठेवायचं बरंचसं काम दरवाज्याखालच्या सिल्स करतात. सिल म्हणजे बाहेरून दिसतो तो एकच पत्रा नव्हे, बाहेरचा पत्रा, मधला उभा पत्रा, आतला पत्रा आणि खाली ती कॅसल रेल, असा मिळून डबा तयार होतो. हा डबा आतून सडला की गाडी मधोमध खाली बसते आणि दरवाज्याची वरची फट बारीक होते, खालची रुंद. तुमचा तो उचलून लावावा लागणारा दरवाजा मला त्यासाठीच खटकला. बिजागरीही झिजलेली असू शकते, ते तपासायला दरवाजा अर्धा उघडा आणि टोकाला धरून वर उचला, बिजागरीत खेळ लागला तर ठीक, स्वस्तात काम होईल. खेळ नाही आणि तरी फट वाकडी, तर तिथेच नमस्कार करून परत या.

आता "सिल्स बदलल्यात" हे वाक्य. इथे जुन्या गाड्यांवर एक फसवणूक सर्रास चालते, सडक्या सिलवरच नवीन पत्रा चढवायचा, वर लांबी (पुट्टी) भरायची, रंग मारायचा. आत गंज तसाच आणि वर एमओटी (इथली वार्षिक तपासणी) करणाऱ्याला गुळगुळीत पत्रा दिसतो. ओळखायचं कसं? मूळ सिल पुढच्या आणि मागच्या विंगच्या (मडगार्डच्या) पत्र्याखालून आत जाते, त्यामुळे विंग जिथे सिलवर येते तिथे उभा सांधा दिसलाच पाहिजे. सांधा गायब असेल आणि टोकापासून टोकापर्यंत एकसलग पत्रा दिसला तर वरून पत्रा चढवलाय असं समजा. एक छोटं लोहचुंबक पातळ कापडात गुंडाळून न्या, सिलवर, चाकांच्या कमानीवर, दरवाज्याच्या मागच्या कोपऱ्यात फिरवा, लांबी असेल तिथे पकडणार नाही. मालकाला आधी विचारून न्या, रंगाला ओरखडा नको. कार्पेट उचलून फ्लोअरच्या कडा बघा. सीटांच्या मागे बॅटरीचे डबे बघा, ७२ च्या गाडीत सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात आणि ते डबे हमखास गेलेले असतात. मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांचं पुढचं टोक बॉडीला जिथे अडकतं ती जागा बघा. पुढच्या चाकामागे विंगच्या आत चिखल साचतो, बोटं घालून बघा.

सिल नीट बदलायची तर दरवाज्याच्या चौकटीत तात्पुरता आडवा दांडा वेल्ड करतात, बॉडी चहूबाजूंनी समपातळीत टेकवतात, आणि दर टप्प्याला दरवाजा लावून फट मोजत पुढे जातात. गाडी मधेच जॅकवर अधांतरी ठेवून जुनी सिल कापली तर बॉडी वाकते आणि त्याच वाकड्या अवस्थेत नवीन सिल वेल्ड होऊन कायमची बसते. म्हणून फोटो मागायचे. ज्याने हे काम मनापासून करून घेतलं त्याच्याकडे फोटोंचा ढीग असतोच, न विचारता दाखवतो. आणि तुम्हाला वेल्डिंग येत नाही हाच तर मुद्दा आहे, जे काम तुम्हाला येत नाही ते आधीच झालेलं असलेली गाडी घ्या. इंजिन तुम्ही करू शकता.

---

पुण्याचा_अँबीवाला

मी पुण्यात, एमजीबी कधी चालवली नाही पण तिच्या इंजिनाला मी लहानपणापासून ओळखतो म्हणून लिहितो. आमच्याकडे अँबॅसिडर आहे आणि जुन्या अँबीचं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन हे बीएमसीचं (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं) बी सिरीज, एमजीए १९५५ ला आली तिच्यातही १४८९ चंच होतं, आणि तुमच्या एमजीबीचं १७९८ सीसी म्हणजे त्याच घराण्यातलं मोठं भावंड. ज्या इंजिनावर आपल्याकडे रस्त्याकडेच्या मेस्त्रींनी पिढ्यानपिढ्या हात साफ केले त्याला घाबरायचं काही कारण नाही दादा.

निळा धूर नुसत्या सेल्फला येतो का चढावर जोर दिल्यावर हे बघा. उभी राहून सुरू केली की भपकन येतो, मग थांबतो, किंवा उतारावर अॅक्सिलरेटर सोडून परत दाबला की येतो, तर व्हॉल्व्हचे गाइड आणि सील. जोर दिल्यावर सतत येत राहिला तर रिंगा. कॉम्प्रेशन मोजा, मग प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल घालून परत मोजा, आकडा वर गेला तर रिंग पिस्टनचं काम, तसाच राहिला तर हेड. नुसतं हेड निघालं तर इंजिन गाडीतच राहतं, दोन सुट्ट्यांचं काम.

टॅपेटला, म्हणजे व्हॉल्व्हची फट लावायला, नऊचा हिशोब लक्षात ठेवा. आठ व्हॉल्व्ह आहेत, जो पूर्ण उघडलाय त्याचा नंबर नवातून वजा करा, जो येईल त्याची फट लावा. एक उघडा तर आठ, तीन उघडा तर सहा. फिलर गेज पंधरा थाऊचं (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). आमच्या मेस्त्रींनी मला हे शिकवलं तेव्हा मी शाळेत होतो, आजही तसंच करतो.

आणि ते जोडीचे एसयू कार्ब्युरेटर, त्यांना उगाच बदनाम करतात. पिस्टन बोटाने उचलून सोडला की टक् असा आवाज करून खाली बसला पाहिजे, वरच्या डॅशपॉटमध्ये ऑइल पाहिजे, दोन्हीकडून हवा सारखी ओढली गेली पाहिजे, एवढं झालं की महिनोन्महिने हात लावायला नको. आधी टॅपेट, पॉइंट आणि टायमिंग, कार्ब्युरेटर सगळ्यात शेवटी.

---

डर्बीची_मावशी

बाळूचं पत्र्याबद्दलचं सगळं बरोबर आहे, मी फक्त मनाची बाजू सांगते कारण ती कुणी बोलत नाही. माझी ७३ ची क्रोम बंपर आहे. सातारकर, तुम्ही पहिल्या गाडीबद्दल जसं लिहिलंय ना ते वाचून मला वाटतं तुम्हाला क्रोम बंपरच हवाय. तसं असेल तर रबर बंपरवाली स्वस्त म्हणून घेऊ नका, रोज गॅरेज उघडताना हळहळाल. चांगल्या पत्र्याची क्रोमवाली शोधा, लाखो बनल्यात, मिळेल. थोडं थांबायला लागेल एवढंच.

पण रबर बंपर हा काही कमीपणा नाही. ७४ च्या शेवटी अमेरिकेच्या नियमांसाठी बंपर बदलला आणि गाडी दीडेक इंच उंच केली, त्यामुळे सुरुवातीच्या रबर बंपरवाल्या वळणावर झुकायच्या. ७७ मॉडेलपासून पुढे आणि मागे दोन्हीकडे अँटीरोल बार (झुकणं कमी करणारे दांडे) आले, तोपर्यंत ओव्हरड्राइव्हही (वेगात इंजिन सावकाश फिरवणारा जादा गिअर) सगळ्यांना मिळायला लागला होता, बॅटरी बारा व्होल्टची एकच. तुमची ७८ ची म्हणजे ही सगळी सुधारणा झालेली गाडी आहे. लांब जायला, मोटरवेवर, मला तर ती जास्त सोयीची वाटते. फक्त शोसाठी तिला क्रोमवाली करायच्या नादी लागू नका, त्या पैशात इंजिन होतं.

पेट्रोलचं बघा. इथे सप्टेंबर २०२१ पासून साध्या पंपावर ई१० (दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेलं) मिळतं, त्यातलं इथेनॉल जुन्या रबरी पाइपांना खातं आणि पाणी ओढून घेतं. आमच्या गाड्यांना सुपर ग्रेडचं ई५ घाला आणि पाइप एकदा नवीन बदलून टाका, इंजिनवर पेट्रोल ठिबकलं तर गाडी जळते. हेड काढलंच तर एक्झॉस्टला कडक व्हॉल्व्ह सीट बसवून घ्या, शिशाचं पेट्रोल इथे २००० सालापासून बंद आहे.

चाळीस वर्षांवरच्या गाडीला रोड टॅक्स नाही, पण त्यासाठी हिस्टॉरिक म्हणून अर्ज करावा लागतो. एमओटीही मे २०१८ पासून माफ, तरी दरवर्षी करून घ्या हो. तुमच्या जिवाचा प्रश्न आहे आणि शिवाय खालून दुसऱ्या कुणाचे डोळे फिरतात. नंबर टाकून जुना एमओटीचा इतिहास सरकारी साइटवर फुकट दिसतो, दोन्ही गाड्यांचा आधी तो काढा, गंजाबद्दलचे शेरे वर्षानुवर्षं कसे वाढत गेले ते कळतं.

---

कव्हेंट्रीतला_सातारकर

मंडळी, तुमचे किती आभार मानू. शनिवारी चुंबक घेऊन दोन्हीकडे गेलो, बायकोलाही नेलं. ७२ ची बिजागरी घट्ट, खेळ अजिबात नाही, आणि दरवाज्याची वरची फट बारीकच. सांधा दोन्ही बाजूंना दिसत नाही, चुंबक सिलच्या मागच्या टोकाला घसरून पडलं. एमओटीच्या इतिहासात "सिलला गंज" असा शेरा तीनदा, मग सूट मिळाल्यापासून चाचणीच नाही. मालकाला काही बोललो नाही, चहा घेऊन निघालो.

७८ ची कडक निघाली. फटी सारख्या, सांधे जागेवर, कार्पेटखाली मूळ रंग. धूर फक्त सुरू करताना. मावशी, तुमचं वाचून आम्ही दोघं त्या गाडीत बसून बराच वेळ बोललो, बायको म्हणाली मला ह्यातच फिरायचंय. विसार दिलाय! आता कामांचा क्रम सांगा, सगळं एकदम उघडून बसायचं नाहीये.

---

लेस्टरचा_बाळू

अभिनंदन वहिनींचं आणि तुमचं. लई भारी.

आधी ब्रेक. रबरी पाइप, चाकांचे सिलिंडर, ब्रेक ऑइल, सगळं नवीन, वय माहीत नाही म्हणून. त्याच वेळी पेट्रोलचे पाइप. मग किंगपिनला (पुढचं चाक ज्यावर वळतं त्या खिळीला) ग्रीस, चाकं अधांतरी करून मारा म्हणजे ग्रीस आतपर्यंत जातं, आणि पुढे दर तीन हजार मैलांना. टायरवर नक्षी असली तरी तारीख बघा, दहा वर्षांवरचे असतील तर काढा. वायरिंगला हात लावण्याआधी सगळे अर्थिंगचे जोड घासून स्वच्छ करा, लाईट मंद, इंडिकेटर आळशी अशा अर्ध्या तक्रारी तिथेच जातात.

हेड काढून गाइड करा, पण गिअरबॉक्सला लगेच हात लावू नका. एमजीबीचा क्लच बदलायलाही इंजिन उतरवावं लागतं, तेव्हा दुसऱ्या गिअरचं काम क्लच संपेल तेव्हा एकत्र करा, तोवर दुसरा गिअर सावकाश टाका. आणि सिग्नलला क्लच दाबून उभं राहू नका, न्यूट्रल करा, ह्या गाडीचं रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं) कार्बनचं आहे, दाबून धरलं की झिजतं.

ऑक्टोबर संपायच्या आत सिलच्या आत नवीन मेण मारून घ्या, खालची पाणी जायची भोकं तारेने मोकळी करून मगच. रस्त्यावर मीठ पडायला लागलं की गाडी आत, पाऊस पडून मीठ धुवून गेल्यावर बाहेर. वेल्डिंगवाला लागलाच कधी तर मेसेज करा, आमच्याकडे एक आहे तो फट मोजल्याशिवाय कटर हातात घेत नाही.