उत्तर: राजीनाम्यानंतर खातं आपोआप बंद करणं
राजीनामा दिलेल्या कर्मचाऱ्याचं खातं आपोआप कसं बंद करावं, या प्रश्नावर एकाने सुचवलंय की एचआरने शेवटचा दिवस नोंदवला की स्क्रिप्टने एडीतलं (ॲक्टिव्ह डिरेक्टरी, म्हणजे कंपनीतली सगळी खाती सांभाळणारी मायक्रोसॉफ्टची यंत्रणा) खातं डिलीट करावं. लगेच डिलीट नको, आधी डिसेबल करा. एडीचा रीसायकल बिन सुरू नसेल तर डिलीट केलेलं खातं जसंच्या तसं परत आणणं कठीण. त्याच नावाने नवं खातं काढलं तरी त्याचा एसआयडी (विंडोज खातं ज्यावरून ओळखतं तो क्रमांक) वेगळा असतो, म्हणून फोल्डरच्या जुन्या परवानग्या जुळत नाहीत.

शिवाय एडीत डिसेबल केलं म्हणजे क्लाउडमध्येही लगेच बंद झालं, असं नाही. एडीतले बदल एन्ट्रात (मायक्रोसॉफ्टची क्लाउडमधली खाती-यंत्रणा) नेणाऱ्या एन्ट्रा कनेक्टचं सिंक डीफॉल्टने दर 30 मिनिटांनी चालतं आणि आधी दिलेलं ॲक्सेस टोकन (लॉगिननंतर मिळणारा डिजिटल पास) साधारण तासभर चालू राहतं. तडकाफडकी काढलेल्या माणसाच्या बाबतीत हा वेळ फार धोक्याचा. म्हणून स्क्रिप्टने एन्ट्रातही खातं थेट ब्लॉक करून सेशन्स रिव्होक करावीत, म्हणजे आधी केलेली लॉगिन रद्द करावीत.

एचआरची नोंद आणि खातं यांची जुळणी कर्मचारी क्रमांकावरच ठेवा. ईमेलवर ठेवली तर आडनाव बदलताच स्क्रिप्टला तो नवा माणूस वाटतो.

स्क्रिप्ट जी वाचते ती एचआरची फाइल अर्धवट आली आणि त्यात नसलेली माणसं नोकरी सोडून गेली असं स्क्रिप्टला वाटलं तर? एका फेरीत ठरावीक संख्येपेक्षा जास्त खाती बंद होणार असतील तर स्क्रिप्ट थांबलीच पाहिजे.

एका विभागातून दुसऱ्यात होणाऱ्या बदल्यांकडे मात्र कुणीच बघत नाही. अकाउंट्समधून सेल्सला गेलेल्याला नवे ग्रुप (परवानग्यांचे गट) मिळतात, जुने तसेच राहतात. हाताने दिलेल्या प्रत्येक जादा परवानगीला मुदत घालाच.