आई आणि मामा, दोघांचाही खांदा दुखतो. दुखणे एकच समजावे काय?

प्रश्न (महाल, नागपूर):
माझ्या आईचा उजवा खांदा पावसाळ्यापासून दुखतो आहे आणि त्याच सुमारास कळमना बाजारात हमाली करणाऱ्या मामांनाही तसाच त्रास सुरू झाला. घरात सगळे "खांदा धरला" एवढेच म्हणतात आणि मामांना सांगितलेला व्यायाम आईकडूनही करवून घेतात. आईला वेणी घालता येत नाही, ब्लाउजचे मागचे हूक लावता येत नाहीत, आणि मी तिचा हात धरून वर नेला तरी तो अडतो. मामांचा हात दुसऱ्याने उचलला तर पूर्ण वर जातो, पण स्वतः पोते उचलताना त्यांना जीवघेणी कळ येते. आईला मधुमेह आहे. दोघांचा उपचार सारखाच असावा का?

उत्तर १ (फिजिओथेरपिस्ट, धरमपेठ):
ताई, तुम्ही नेमके तेच टिपले आहे जे आम्ही तपासताना आधी पाहतो. दुसऱ्याने हलवूनही हात अडत असेल, विशेषतः कोपर अंगाशी ठेवून हात बाहेरच्या बाजूला वळत नसेल, तर सांध्याभोवतीचे आवरण आखडल्याची, म्हणजे फ्रोझन शोल्डरची शंका येते. हा विकार बहुधा ४० ते ६० या वयात होतो आणि मधुमेह व थायरॉईडच्या रुग्णांत अधिक आढळतो. तो बरा व्हायला १ ते ३ वर्षेही लागू शकतात, आणि सुरुवातीच्या तीव्र वेदनेच्या काळात हात जोराने ओढल्यास दुखणे वाढते. त्यामुळे आईंचा व्यायाम कृपया आजच थांबवा. मामांची लक्षणे खांद्याच्या कंडरांची, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या चिवट पट्ट्यांची वाटतात, त्यांना ओझे कमी करून हळूहळू स्नायूंना बळ देणारा व्यायाम लागेल. तरीही प्रत्यक्ष तपासणीशिवाय निदान करू नये.

उत्तर २ (निवृत्त शिक्षिका, प्रतापनगर):
डॉक्टर वेदना १० पैकी किती, असे विचारतात, पण त्या आकड्यातून आयुष्य कळत नाही. माझा खांदा दुखत असताना दिवस कसाबसा निघून जाई, परंतु रात्री त्या कुशीवर वळताच जाग येई आणि अपुऱ्या झोपेमुळे दुसरा दिवस चिडचिडीत जाई. माझ्या शेजारणीला झोप छान लागे, मात्र पोळ्या लाटणे आणि वरच्या फळीवरचा डबा काढणे तिला अशक्य झाले होते. म्हणून आईंना दवाखान्यात नेताना कोणते काम बंद पडले, कोणते अर्धवट होते आणि रात्री कितीदा उठावे लागते, हे कागदावर लिहून न्या. मामांच्या बाबतीत तर हा मजुरीचा प्रश्न आहे. हमालाला "विश्रांती घ्या" म्हणणे सोपे आहे, म्हणून कोणते वजन कसे उचलावे हे त्यांनी डॉक्टरांना स्पष्ट विचारावे.

उत्तर ३:
डाव्या खांद्याचे दुखणे चालताना वा जिना चढताना वाढत असेल, सोबत घाम, छातीत दडपण किंवा धाप असेल, तर व्यायामाचा विचार न करता तातडीने रुग्णालय गाठावे. मुंग्या कोपराखाली बोटांपर्यंत जात असतील तर मानेचीही तपासणी करून घ्यावी.

प्रश्नकर्ती:
आईचा व्यायाम थांबवला आहे. तिला खांद्यात इंजेक्शन सुचवले तर मधुमेहात ते चालते का?

उत्तर १ (फिजिओथेरपिस्ट, धरमपेठ):
स्टेरॉईडच्या इंजेक्शनने काही दिवस साखर वाढू शकते, म्हणून ते देणाऱ्या डॉक्टरांना मधुमेहाची औषधे आणि अलीकडचा रक्ततपासणीचा अहवाल आधीच दाखवा, आणि इंजेक्शननंतर घरी साखर नेहमीपेक्षा जास्त वेळा तपासा.