३१ हजारांचं एस्टिमेट, झिरो डेप नाही: क्लेम घ्यावा की खिशातून भरावेत?

सिंहगडरोडकर यांचा प्रश्न:

गाडी पेट्रोल हॅचबॅक, ११९७ सीसी, वय ३ वर्षं ४ महिने. पॉलिसी कॉम्प्रिहेन्सिव्ह, झिरो डेप (पार्टच्या जुनेपणाची कपात माफ करणारं ॲड-ऑन) नाही, चालू एनसीबी (क्लेम न घेतल्याची सवलत) ३५ टक्के. एनसीबी वजा करण्याआधीचा ओन डॅमेजचा (स्वतःच्या गाडीच्या नुकसानाचा) प्रीमियम साधारण ८,००० आहे.

काल संध्याकाळी सिंहगड रोडला पुढचा टेम्पो थांबला आणि गाडी त्याला मागून लागली. वेग कमी होता, कुणाला इजा नाही. पुढचा बंपर डाव्या कोपऱ्यात फाटलाय, डाव्या हेडलाइटचे दोन कान (बसवायची टोकं) तुटलेत (पुढची काच शाबूत) आणि डाव्या फेंडरला वीतभर पोचा आलाय. सर्व्हिस सेंटरने बाहेरूनच बघून दिलेलं एस्टिमेट, जीएसटीसह:

बंपर ४,२००
हेडलाइट ६,८००
ग्रिल, फॉग लॅम्पचं कव्हर ही प्लॅस्टिकची किरकोळ १,६००
फेंडर ३,६००
बंपरच्या आतला लोखंडी बीम २,४०० (अंदाजाने धरलाय)
पेंटिंग ९,०००
मजुरी ३,४००
एकूण ३१,०००

बाहेरचा गॅरेजवाला नवीन बंपर बसवून, हेडलाइटचे कान जोडून आणि फेंडर ठोकून १७,५०० म्हणतोय. विचारायचं ते असं: क्लेम घेतला तर नक्की किती हातात पडेल? गाडी माझ्या नावावर आहे पण भाऊ चालवत होता, त्याने अडेल का? आणि टेम्पोवाल्याला टेललाइटचे १,५०० रोख दिलेत, ते मिळतील का?

---

हिशेबवही यांचं उत्तर:

आधी आकडे मांडू, मग ठरवणं सोपं जाईल.

झिरो डेप नसेल तर पार्टवर घसारा (जुनेपणामुळे उतरलेली किंमत) कापतात. प्लॅस्टिक, रबर, नायलॉन, टायर, बॅटरी यांवर सरसकट ५० टक्के, गाडी चार महिन्यांची असो की चार वर्षांची. काचेवर शून्य. लोखंडी पत्र्याच्या भागांवर वयाप्रमाणे: पहिले सहा महिने काही नाही, एक वर्षापर्यंत ५, दोनपर्यंत १०, तीनपर्यंत १५, चारपर्यंत २५, पाचपर्यंत ३५, दहापर्यंत ४० आणि पुढे ५० टक्के. तुमची गाडी २५ टक्क्यांच्या टप्प्यात आहे. पेंटिंगच्या एकूण रकमेतला चौथा हिस्सा मटेरियल धरतात आणि त्याचा निम्मा कापतात, म्हणजे पेंटिंगवर साडेबारा टक्के. मजुरीवर घसारा नाही.

तुमच्या एस्टिमेटवर:

बंपर ४,२०० चे २,१०० कापले जातील
हेडलाइट ६,८०० चे ३,४००
किरकोळ प्लॅस्टिक १,६०० चे ८००
फेंडर ३,६०० चे ९००
बीम २,४०० चे ६००
पेंटिंग ९,००० चे १,१२५

घसारा झाला ८,९२५. त्यात सक्तीचं डिडक्टिबल, म्हणजे दर क्लेमला मालकाने भरायची ठरावीक रक्कम, १,००० (१५०० सीसीपर्यंत एक हजार, त्यावर दोन). तुमच्या खिशातून ९,९२५, कंपनीकडून २१,०७५. पॉलिसीवर ऐच्छिक डिडक्टिबल घेतलेलं असेल तर तेही वजा होईल, शेड्यूल उघडून बघा. बरेच जण प्रीमियम कमी दिसतो म्हणून ते घेतात आणि क्लेमच्या दिवशी कळतं.

हेडलाइटची 'काच' म्हणून शून्य घसारा मिळेल असं धरू नका. हल्लीच्या हेडलाइटची पुढची बाजू पॉलिकार्बोनेटची असते, त्यामुळे सर्व्हेअर (नुकसान तपासून रक्कम ठरवणारा) प्लॅस्टिकच धरतो.

आता एनसीबी. क्लेम नसता तर पुढच्या रिन्यूअलला तुम्हाला ४५ टक्के मिळाले असते आणि नंतर दरवर्षी ५०. क्लेम घेतला की शून्यापासून सुरुवात: ०, २०, २५, ३५, ४५. दोन रांगांमधला फरक दरवर्षीचा काढा: ४५, ३०, २५, १५, ५. बेरीज १२० टक्के. म्हणजे या एका क्लेमची किंमत मूळ ओन डॅमेज प्रीमियमच्या १.२ पट, पाच वर्षांत पसरलेली. तुमच्या ८,००० वर ९,६००, वर १८ टक्के जीएसटी. गाडीची आयडीव्ही (विम्यात धरलेली किंमत) दरवर्षी उतरते तसा हा प्रीमियमही साधारण उतरतो, म्हणून सगळं मिळून १०,००० धरा.

सवलत फक्त ओन डॅमेजच्या हप्त्यावर असते, थर्ड पार्टीच्या (समोरच्याच्या नुकसानाच्या) नाही. पॉलिसीवरच्या शेवटच्या बेरजेवर टक्के लावून घाबरू नका.

तर क्लेमची खरी किंमत ९,९२५ अधिक १०,०००, म्हणजे जवळपास २०,०००. बाहेरचं काम १७,५००. या आकड्यांवर मी खिशातून करा म्हणेन. वर्षभरात नवीन गाडी घ्यायचा विचार असेल तर नक्कीच, कारण एनसीबी गाडीची नसून मालकाची असते. जुनी विकून कंपनीकडून एनसीबीचं पत्र घेतलं की ते तीन वर्षं चालतं, आणि नव्या गाडीच्या मोठ्या प्रीमियमवरचे ४५ टक्के ही चांगली रक्कम होते.

---

पाना_नंबर_दहा यांचं उत्तर:

हिशेब बरोबर आहे, पण एस्टिमेट अर्धवट आहे. बंपर न उतरवता काढलेल्या आकड्यावर हा निर्णय घेऊ नका.

बंपर प्लॅस्टिकचा. दाबला जातो आणि परत जागेवर येतो. आत जे दाबलं गेलं ते मात्र दाबलेलंच राहतं. तुमच्या गाडीचा डावा कोपरा लागलाय आणि हेडलाइटचे कान तुटलेत, म्हणजे धक्का आतपर्यंत पोचला. बंपरमागे बीम, त्यामागे एसीचा कंडेन्सर, त्याला चिकटून रेडिएटर, आणि हे सगळं धरणारी चौकट. कंडेन्सरच्या पट्ट्या नुसत्या वाकल्या असतील तर ठीक. पण नळीला चीर गेली असेल तर गॅस हळूहळू जातो आणि दोन-तीन आठवड्यांनी एसी गरम हवा फेकायला लागतो. तोवर तुम्ही बाहेर पैसे भरून मोकळे झालेले असता.

बंपर उतरवायला अर्धा-पाऊण तास लागतो. उतरवण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढा, नंबरप्लेट दिसेल असे. उतरवल्यावर बीमच्या दोन्ही टोकांचं चॅसिसपासूनचं अंतर मोजायला सांगा, डावं-उजवं सारखं हवं. कंडेन्सरवर तेलकट डाग आहे का बघा. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेल बाहेर येतं आणि त्यावर धूळ बसून काळपट ठिपका दिसतो, तीच गळतीची खूण. बघून झाल्यावर काहीही दुरुस्त करू नका, तसंच ठेवा.

आणि आत्ताच एक बघा: रात्री गाडी उभी होती तिथे खाली हिरवट किंवा गुलाबी पाणी पडलंय का, कूलंटच्या टाकीची पातळी उतरलीय का. तसं असेल तर सेल्फ मारू नका, टो करून न्या. रेडिएटर फुटलेला असताना गाडी चालवून इंजिन गरम होऊन बसलं, तर ते इंजिन कंपनी देत नाही. त्याला पुढचं, परिणामी नुकसान म्हणतात आणि ते साध्या पॉलिसीत बसत नाही. टोइंगचे मात्र साध्या पॉलिसीतही १,५०० पर्यंत मिळतात, पावती ठेवा.

---

सिंहगडरोडकर:

दोघांचेही आभार. आज बंपर उतरवला. कूलंट ठीक आहे. पण कंडेन्सरच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात तसाच काळपट तेलकट ठिपका आहे, आणि रेडिएटरवरची आडवी लोखंडी पट्टी वाकलीय. वाढीव कामात कंडेन्सर ७,८००, पट्टी ३,२००, एसी गॅस १,८००, मजुरी १,२००. एकूण आता ४५,०००. बाहेरचा एवढंच काम धरून २९ हजारांच्या पुढे जातोय.

---

हिशेबवही:

मग पारडं फिरलं. कंडेन्सर ॲल्युमिनियमचा, त्यामुळे धातूचा घसारा: १,९५०. पट्टीवर ८००. गॅस कन्झ्युमेबलमध्ये (वापरून संपणाऱ्या वस्तूंमध्ये) जातो, त्याचं वेगळं ॲड-ऑन नसेल तर पूर्ण १,८०० तुमचे. आधीचे ९,९२५ मिळवून तुमच्या खिशातून १४,४७५, कंपनीकडून ३०,५२५. एनसीबीचे १०,००० धरले तरी २४,५०० च्या आत. क्लेम घ्या.

---

क्लेमडेस्क यांचं उत्तर:

क्लेम ठरलाच आहे तर क्रम सांभाळा, पैसे बहुतेक वेळा तिथेच अडतात.

आजच कंपनीला कळवा, ॲपवर किंवा टोल-फ्रीवर, आणि क्लेम नंबर घ्या. दोन दिवस गेलेत म्हणून घाबरू नका. नुसता उशीर झाला या कारणावर खरा क्लेम नाकारू नये असं इर्डाने (विमा नियामकाने) २०११ मध्येच कंपन्यांना कळवलंय. पण उशिराचं कारण लिहून द्या. ज्यांची ओन डॅमेज आणि थर्ड पार्टी पॉलिसी वेगवेगळ्या कंपन्यांची आहे (२०१९ पासून तशी घेता येते), त्यांनी ओन डॅमेजवाल्या कंपनीलाच कळवायचं. चुकीच्या ठिकाणी फोन करून आठवडा घालवणारे बरेच असतात.

भाऊ चालवत होता याने काही अडत नाही. तुमच्या परवानगीने आणि वैध लायसन्सवर चालवत असला की झालं. फॉर्मवर चालक म्हणून त्याचंच नाव आणि त्याचंच लायसन्स द्या. 'मालकाचं नाव टाका, सोपं जातं' असा सल्ला काउंटरवर मिळू शकतो, तो अजिबात ऐकू नका. खोटी माहिती दिली एवढ्या एकाच मुद्द्यावर चांगला क्लेम पूर्ण नाकारला जातो. घटनेचं वर्णनही झालं तसंच लिहा: समोरचा टेम्पो थांबला, मागून धडक, डावा कोपरा. वर्णन आणि नुकसानाची जागा जुळली नाही की सर्व्हेअर थांबतो.

कागद: आरसी, भावाचं लायसन्स, पॉलिसी, सही केलेला क्लेम फॉर्म, एस्टिमेट, केवायसीसाठी पॅन-आधार. इजा नाही, त्यामुळे एफआयआर लागू नये.

बंपर आधीच उतरवलाय, तर उतरवण्याआधीचे फोटो सर्व्हेअरला आपणहून दाखवा. कंडेन्सर आणि पट्टी त्याच्या पहिल्याच पाहणीत नोंदवून घ्या. यापुढे आणखी काही निघालं तर पूरक एस्टिमेट पाठवून त्याची मंजुरी येईपर्यंत तो पार्ट बदलू देऊ नका. बदलून झालेला आणि पाहणीत नसलेला पार्ट हमखास कापला जातो. काढलेले जुने पार्ट शेवटच्या पाहणीपर्यंत वर्कशॉपमध्येच राहू द्या.

बंपर 'रिपेअर करा' असं सर्व्हेअर म्हणू शकतो. फाटलेला भाग क्लिपा बसतात त्या कडेवर आला असेल तर तिथला क्लोज-अप दाखवा. मधल्या सपाट भागातली चीर वेल्डिंगने टिकते, कडेवरची टिकत नाही. गाडीवर दुसरीकडे जुने ओरखडे असतील तर ते याच क्लेममध्ये घुसवू नका. पोच्यात गंज दिसला की तो जुना हे लगेच कळतं, आणि मग खऱ्या नुकसानाकडेही संशयाने बघितलं जातं.

टेम्पोवाल्याला दिलेले १,५०० मिळणार नाहीत. कंपनीच्या लेखी संमतीशिवाय समोरच्याला पैसे किंवा कबुली द्यायची नाही अशी अटच पॉलिसीत असते. रक्कम किरकोळ आहे, सोडून द्या. पण पुढे कधी तुमची चूक आहे असं लिहून देऊ नका.

सर्व्हेअरने १५ दिवसांत अहवाल आणि त्यानंतर कंपनीने ७ दिवसांत निर्णय द्यायचा असतो. कापलेल्या प्रत्येक रकमेचं कारण असलेली असेसमेंट शीट मागा, ती मिळायलाच हवी. पटलं नाही तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी, मग बिमा भरोसा हे इर्डाचं तक्रार पोर्टल, आणि महिनाभरात उत्तर नाही किंवा समाधान नाही तर विमा लोकपाल. मुंबई आणि पुणे दोन्हीकडे कार्यालय आहे आणि फी लागत नाही.

---

पाना_नंबर_दहा:

डिलिव्हरीचं तेवढं सांगतो. वर्कशॉपवाले समाधानपत्रावर सही आधी मागतात, ती गाडी बघून झाल्यावरच करा, आणि उजेडात बघा.

बंपर जिथे फेंडरला मिळतो तिथे बोट फिरवा. आत चाकाच्या कमानीजवळ प्लॅस्टिकचा छोटा साइड ब्रॅकेट असतो. तो जुनाच ठेवला तर बंपरचा कोपरा तीन-चार मिलिमीटर खाली लोंबतो आणि खड्ड्यांत निसटत जातो. हा ब्रॅकेट एस्टिमेटमध्ये बहुतेक वेळा नसतोच, त्यामुळे आत्ताच लिहून घ्या, क्लिपांसकट. फेंडर नवीन येणार, तर फेंडर आणि दरवाजा यांची रंगछटा सावलीत आणि उन्हात दोन्हीकडे जुळवून बघा, मेटॅलिक रंगात फरक हमखास दिसतो. हेडलाइटचा झोत भिंतीवर पाडून डावा-उजवा एका उंचीवर आहे का बघा. एसी दहा मिनिटं चालू ठेवून गाडी उभी असताना आणि चालताना दोन्ही वेळा थंड करतो का तपासा, आणि इंजिनखालचं प्लॅस्टिकचं आवरण सगळ्या स्क्रूंनी बसवलंय का खाली वाकून बघा.

बिलावर हेडलाइट आणि कंडेन्सरचा पार्ट नंबर हवा. नवीन पार्टची रिकामी खोकी दाखवायला सांगा, त्यावरचा नंबर बिलाशी जुळला पाहिजे.